कॅन्सरच्या रुग्णाला समितीवर घ्या

(शाखा पदाधिकाऱ्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सकाळपासून वेतन, रिक्त जागा आणि कंत्राटी पद्धत या विषयांवर भरपूर चर्चा झाली. आता जो विषय आम्ही मांडणार आहोत तो मागणीपत्रकात सहसा शेवटच्या पानावर असतो. तो म्हणजे कॅन्सर झालेला आपला सभासद, आणि त्याच्या उपचारांच्या व्यवस्थेत त्याचे स्वतःचे स्थान.

विषय लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज असा की, २०२२ या एका वर्षात आपल्या देशात कॅन्सरचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण निघाले आणि ९ लाखांहून अधिक माणसे या रोगाने दगावली. या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्याच्या घरात, चाळीत किंवा खात्यात हा आजार आलेला नाही असा माणूस शोधूनही सापडायचा नाही.

आता अशा सभासदासाठी युनियन काय करते ते पाहू. आपण त्याचे रेफर लेटर काढून देतो. अडकलेले बिल पास करून घेतो. रजा संपली असेल तर रजेचा अर्ज पुढे सरकवतो. खात्यात वर्गणी गोळा करतो. दुर्दैवाने माणूस गेलाच तर मुलाच्या अनुकंपा नोकरीची फाईल हातात घेतो. हे सर्व काम मोलाचे आहे आणि ते चालूच राहिले पाहिजे. पण या सगळ्या यादीत रुग्ण हा केवळ घेणारा आहे. अर्ज त्याचा, सही त्याची, बोलणारे मात्र आपण. ही व्यवस्था कशी सुधारावी, हे त्याला कोणी विचारत नाही. हॉस्पिटल विचारत नाही, प्रशासन विचारत नाही, आणि युनियनच्या बैठकीतही हा प्रश्न क्वचितच निघतो.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, कॅन्सरचा रुग्ण हा या व्यवस्थेचा जाणकार आहे. ती सुधारण्याच्या कामात त्याला भागीदार म्हणून, बरोबरीच्या नात्याने, टेबलाशी बसवले पाहिजे.

रुग्णाला काय ठाऊक असते?

साथींनो, रेल्वेतील एक उदाहरण घ्या. रुळाची तपासणी करायला इंजिनिअर ट्रॉलीवरून जातो. त्याच्याजवळ मोजमापे असतात, नोंदवही असते. पण कोणत्या किलोमीटरला पावसाळ्यात खडी खचते, कोठे गाडी जाताना वेगळा आवाज येतो, हे रोज त्या रुळावरून चालणाऱ्या गँगमनला अगोदर कळते. शहाणा इंजिनिअर ट्रॉली थांबवून त्याला विचारतो. उपचारांचा रस्ताही असाच आहे. डॉक्टर त्या रस्त्यावरच्या आपल्या स्टेशनात बसलेला असतो. सर्जनला शस्त्रक्रिया दिसते, केमो देणाऱ्याला केमो दिसते, कारकुनाला फाईल दिसते. पहिल्या स्टेशनापासून शेवटच्या स्टेशनापर्यंतचा संपूर्ण प्रवास करतो तो फक्त रुग्ण आणि त्याच्याबरोबरचे माणूस.

आमच्या शाखेतील काही सभासदांशी, त्यांच्या संमतीने, आम्ही सवडीने बोललो. त्यांना एकच विचारले: पहिल्यांदा त्रास जाणवला तेव्हापासून उपचार सुरू होईपर्यंत दिवस कोठे कोठे गेले ते सांगा. आमची समजूत होती की, ते महागड्या औषधांबद्दल बोलतील. बहुतेकांनी सांगितले ते वेगळेच. तोंडातला फोड बरा होत नाही म्हणून दवाखान्यात गेलेल्याला मलम आणि गोळ्या देऊन दोन-तीनदा परत पाठवले गेले. तुकडा तपासायला घेतला, पण अहवाल कोणत्या खिडकीवर मिळतो हे सांगितले नाही. दुसऱ्या हॉस्पिटलने पहिल्या हॉस्पिटलातील स्लाईड आणि ब्लॉक मागितले आणि ते आणायला आणखी एक खेप झाली. रेफर लेटरची मुदत उपचार अर्धवट असताना संपली आणि नव्या सहीसाठी आजारी माणूस पुन्हा आपल्या मुख्यालयी आला. यांतील एकही अडचण दूर करायला नवे यंत्र लागत नाही की नवा मजला बांधावा लागत नाही. एका सूचनेच्या कागदावर, एका परिपत्रकावर ती सुटू शकते. पण ती कोणाला तरी दिसावी लागते, आणि ती दिसते रुग्णाला.

उपचारानंतर कामावर परत येण्याचा प्रश्न तर त्याहून अवघड. केमोतील काही औषधांमुळे हातापायांना बधिरपणा येतो, मुंग्या येतात. केसपेपरवर ती एका शब्दाची नोंद असते. पण पायाखालची खडी कळत नाही, डब्याच्या शिडीवर पाय नीट पडला की नाही हे समजत नाही, हातातला पाना निसटतो, याचा अर्थ काय होतो ते फिटर आणि ट्रॅकमनच सांगू शकतो. त्याला 'फिट' असा शिक्का मारून रुळावर पाठवणे म्हणजे एका आजारातून वाचवून अपघाताच्या तोंडी देणे आहे. स्वरयंत्र काढलेला माणूस वॉकी-टॉकीवर बोलू शकत नाही, पण स्टोअरचा हिशेब उत्तम ठेवू शकतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर पिशवी बसवलेल्या माणसाला कामाच्या जागी पाणी असलेले, दार बंद होणारे संडास लागते. तेवढे मिळाले तर तो पुष्कळ कामे करू शकतो, आणि ते न मिळाल्यास लाजेपोटी घरी बसतो. तोंडाच्या कॅन्सरवर शेक घेतलेल्या माणसाला तोंड पुरेसे उघडत नाही, लाळ सुटत नाही, कँटीनमधली चपाती गिळत नाही. हे सारे सहीच्या दोन ओळींत मावत नाही.

२०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम २० येथे लक्षात ठेवावे. सरकारी आस्थापनेत नोकरी करताना अपंगत्व आले, तर त्या कारणावरून कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याला जमणाऱ्या दुसऱ्या जागेवर त्याच वेतनश्रेणीत घ्यावे लागते. कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाला हे कलम आपोआप लागू होते असे नाही. पण रोगामुळे किंवा उपचारांमुळे ज्याला कायद्याने मानलेले अपंगत्व आले त्याला ते लागू होते. मात्र जमणारी दुसरी जागा कोणती, हे त्याला विचारल्यावाचून कसे ठरणार?

रुग्णांनी घडवून आणलेले बदल

आता कोणी म्हणेल की, आजारी माणूस काय सुधारणा करणार? इतिहास काय सांगतो ते पाहू.

अमेरिकेत १९७४ साली रोझ कुशनर या पत्रकार बाईंना स्तनाचा कॅन्सर झाला. त्या वेळची पद्धत अशी होती: बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा, आणि कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत संपूर्ण स्तन काढायचे. ऑपरेशन टेबलावर झोपताना बाईला ठाऊक नसे की, उठताना आपल्या शरीराचे काय झालेले असेल. कुशनरबाईंनी ही पद्धत मानायला नकार दिला. आधी तपासणी करा, निदान मला सांगा, मग आपण मिळून ठरवू, असा त्यांचा आग्रह. त्यांनी वैद्यकीय ग्रंथालयात बसून अभ्यास केला, लिहिले, डॉक्टरांच्या सभांमधून भांडल्या. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची समिती बसवली, तेव्हा तिच्यावर कुशनरबाईंना घ्यावे लागले. निदान आणि शस्त्रक्रिया ही दोन पावले वेगळी असावीत, अशी शिफारस त्या समितीने केली. आज जगभर हीच पद्धत रास्त मानतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये तेथील दोन मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, कॅल्मन आणि हाइन यांनी, १९९५ मध्ये कॅन्सर सेवेविषयी अहवाल दिला. सेवा रुग्णाला केंद्रस्थानी ठेवून आखावी आणि रुग्ण व कुटुंबीय यांचे म्हणणे विचारात घ्यावे, हे त्यातील एक प्रमुख तत्त्व होते. पुढे निरनिराळ्या भागांत रुग्ण आणि कर्मचारी एकत्र बसणारे गट उभे राहिले. इंग्लंडमध्ये २०१० पासून कॅन्सर रुग्णांच्या अनुभवाची मोठी पाहणी होऊ लागली आणि तिचे निकाल हॉस्पिटलवार प्रसिद्ध होतात. त्या पाहणीत विचारलेली गोष्ट पहा: तुम्हाला कॅन्सर असल्याचे सांगताना, सोबत घरचे माणूस आणता येईल असे कळवले होते का? हा प्रश्न यंत्राचा किंवा औषधाचा नाही. ज्याने ती बातमी एकट्याने ऐकली त्यालाच त्याचे महत्त्व समजते.

तो श्रीमंत देशांचा चोचला आहे असे वाटत असेल तर आपल्या देशाकडे वळू.

रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरवर इमॅटिनिब नावाची गोळी आहे. ती रोज, वर्षानुवर्षे घ्यावी लागते. नोव्हार्टिस या स्विस कंपनीची हीच गोळी ग्लिव्हेक या नावाने महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना पडत असे, आणि देशी कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळत असे. कंपनीने पेटंट मागितले. ते मिळाले असते तर स्वस्त गोळी बाजारातून गेली असती. ज्यांनी या पेटंटला हरकत घेतली त्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रुग्णांसाठी काम करणारी संस्था होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण वर चढत गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. रुग्णांची बाजू कागदपत्रांनिशी न्यायालयापुढे उभी राहिली, म्हणून गरीब रुग्णाच्या हातातली गोळी टिकली.

दुसरे उदाहरण वेदनेचे. कॅन्सरच्या शेवटच्या अवस्थेतील वेदना शमवणारे मॉर्फिन स्वस्त आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे त्याच्यासाठी इतके परवाने लागू लागले की, हॉस्पिटलांनी ते ठेवणेच सोडून दिले. रुग्ण कळवळत आणि घरचे हतबल होऊन पाहत. १९९८ मध्ये, आईला अशा वेदनांत मॉर्फिन मिळाले नाही म्हणून एका मुलाने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. वेदनाशमनाचे काम करणारे डॉक्टर आणि संस्था यांनी हा लढा पुढे चालवला आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. केरळात १९९३ पासून कोझिकोड येथे सुरू झालेले वेदनाशमनाचे काम पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जाळ्यात गेले. वस्तीतले साधे स्वयंसेवक रुग्णाच्या घरी जातात, काय हवे ते विचारतात आणि डॉक्टर-नर्स त्यांना साथ देतात. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यावर आपले धोरण जाहीर केले. म्हणजे धोरण वस्तीतून सचिवालयात गेले.

तिसरे उदाहरण आसामातील सिलचरचे. तेथील काचार कॅन्सर हॉस्पिटल लोकांच्या पुढाकाराने उभे राहिले. २००७ मध्ये डॉ. रवी कन्नन चेन्नईहून तेथे गेले. रुग्ण यायचे, उपचार सुरू व्हायचे आणि मध्येच सोडून जायचे. अशा वेळी "अडाणी लोक, त्यांना समजत नाही" असे म्हणून हात झटकणे सोपे असते. तेथील मंडळींनी रुग्णांकडून कारण समजून घेतले. चहामळ्यातील मजूर आणि रोजंदारीवर जगणारी ही माणसे. रुग्णासोबत आलेल्याचाही रोज बुडतो, राहायला जागा नाही, खायचे काय हा प्रश्न. म्हणून हॉस्पिटलने सोबतच्या माणसाला तात्पुरते काम दिले, राहण्या-जेवणाची सोय केली, घरी जाऊन तपासणी सुरू केली. उपचार पुरे करणाऱ्यांचे प्रमाण वाढले. डॉ. कन्नन यांना २०२३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला त्यातला धडा असा दिसतो: रोज बुडतो हे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात नव्हते, ते मजुराजवळ होते.

कामगार चळवळीचा स्वतःचा वारसा

साथींनो, ही कल्पना आपल्याला परकी असण्याचे कारण नाही. इटलीतील तूरीन शहरात १९६० च्या दशकात मोटार कामगारांनी डॉ. इवार ओद्दोने यांच्यासारख्या डॉक्टरांबरोबर एक पद्धत बसवली. एका खात्यातील कामगार एकत्र बसत, धूर, उष्णता, आवाज आणि थकवा यांविषयी आपला अनुभव मांडत, त्यावर गटाचे एकमत होई आणि मग तज्ज्ञाची मोजणी त्याला जोडली जाई. आपल्या प्रकृतीचा निर्णय दुसऱ्यावर सोपवायचा नाही, हे त्यांचे सूत्र. आपल्याकडे दल्ली-राजहरा येथील खाण कामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९८३ मध्ये शहीद हॉस्पिटल उभारले. तेथे कामगार हेच बांधणारे, चालवणारे आणि रुग्णही.

कॅन्सरच्या बाबतीत कामगाराच्या साक्षीला आणखी एक महत्त्व आहे. काही कॅन्सर कामातूनच होतात. ॲसबेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसाचा आणि त्यावरील आवरणाचा कॅन्सर होतो. रंगांच्या कारखान्यांतील काही रसायनांनी मूत्राशयाचा कॅन्सर होतो. डिझेलचा धूर कॅन्सरकारक आहे असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये दिला. डिझेल शेडमधल्या साथींनी हे ध्यानात घ्यावे. तीनशे वर्षांपूर्वी रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने सांगून ठेवले की, रोग्याला त्याचा धंदा विचारा. आज केसपेपरवर 'नोकरी' एवढेच लिहिलेले असते. कोणत्या खात्यात, कोणत्या वर्षी, कशाची भुकटी नाकात गेली, हे रुग्णानेच सांगायचे आहे. आणि ॲसबेस्टॉसचा आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी वर येतो. तोपर्यंत माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲसबेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. त्याच निकालात प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपण्याचा आदेश दिला. म्हणून पेन्शनर साथींना या कामातून वगळून चालणार नाही.

रेल्वे कामगारांवर दुहेरी जबाबदारी

आम्हा रेल्वेवाल्यांना या विषयात आणखी एक नाते आहे. देशातील कॅन्सर रुग्ण आमच्या गाडीने उपचाराला जातो. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले, तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक मुंबईला उतरतात. पंजाबच्या भटिंडा भागातून बिकानेरच्या कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीला तर लोकांनी 'कॅन्सर ट्रेन' असेच नाव पाडले. वाराणसीचे रेल्वेचे कॅन्सर हॉस्पिटल २०१८ मध्ये टाटा मेमोरियल केंद्राकडे गेले आणि आता तेथे सर्वसामान्य रुग्णही येतात.

उपचारासाठी किंवा फेरतपासणीसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडेमाफी आहे, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत आहे. २०२० मध्ये इतर अनेक सवलती बंद झाल्या, रुग्णांच्या सवलती राहिल्या. पण सवलत कागदावर असणे वेगळे आणि खिडकीवर मिळणे वेगळे. प्रमाणपत्रावर कोणाची सही, कोणता शिक्का, परतीच्या तिकिटाला तेच चालते का, यावरून खिडकीवर वाद होतात. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कॅन्सर रुग्णाला बसता येते. पण रुग्ण तरुण असला, हातपाय धडधाकट दिसले, तर इतर प्रवासी त्याला उतरवू पाहतात. बुकिंग क्लार्क, तिकीट तपासनीस आणि रुग्ण अशा तिघांना तासभर एकत्र बसवले तर यातल्या निम्म्या कटकटी मिटतील. बुकिंग क्लार्कही आपलाच सभासद आहे. नियमावलीच्या धाकाने तो नकार देतो, त्यालाही स्पष्ट सूचना हवी असते.

काय करावे?

आता प्रत्यक्ष कार्यक्रम. प्रत्येक शाखेने पुढील गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवतो.

पहिली गोष्ट, शाखेचा रुग्ण गट करा. कॅन्सरमधून गेलेले किंवा उपचार घेत असलेले सभासद, त्यांचे जोडीदार, आणि पेन्शनर. यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. कोणाचा आजार त्याच्या लेखी संमतीवाचून बैठकीत, फलकावर किंवा मोबाईलच्या गटावर जाहीर करू नये. आजही पुष्कळ घरांत कॅन्सर हा शब्द उच्चारत नाहीत, मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून लपवतात. या भीतीचा मान राखला तरच विश्वास बसेल.

दुसरी गोष्ट, दिवसांचा हिशेब मांडा. पहिल्या तक्रारीपासून उपचारापर्यंत कोणत्या टप्प्यावर किती दिवस गेले, हे प्रत्येकाने आपल्यापुरते लिहावे. नावे काढून टाकून ते एका कागदावर उतरवा. पाच माणसांचे दिवस एकाच खिडकीवर अडकले असतील, तर ती तक्रार राहत नाही, तो पुरावा होतो.

तिसरी गोष्ट, तो कागद वाटाघाटीच्या टेबलावर न्या. रेल्वेत पीएनएम, म्हणजे प्रशासनाशी ठरावीक मुदतीने होणारी बैठक आहे. इतर उद्योगांत तशाच समित्या आहेत. त्या दिवशी पदाधिकाऱ्याबरोबर रुग्णाने बसावे आणि स्वतः बोलावे. जेथे हॉस्पिटलच्या भेट समितीवर युनियनचे प्रतिनिधी आहेत, तेथे एक जागा रुग्ण गटाला द्यावी. शक्यतो दोन द्याव्यात, कारण एकटा माणूस मोठ्या डॉक्टरांपुढे दबतो, आणि केमोच्या आठवड्यात एकाला येणे जमले नाही तर दुसरा असतो.

चौथी गोष्ट, ईएसआयमधील साथींसाठी. ईएसआयच्या दीर्घकालीन आजारांच्या यादीत ३४ आजार आहेत, त्यांत कॅन्सर आहे. अटी पूर्ण होत असतील तर वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळतो. २०२३ मध्ये ईएसआयच्या ३० हॉस्पिटलांत केमोची सोय सुरू झाल्याचे जाहीर झाले. आपल्या जवळच्या हॉस्पिटलात ही सोय प्रत्यक्षात कशी चालते, याची खरी माहिती तेथे खुर्चीवर बसून सलाईन घेतलेल्या कामगाराकडून घ्या. ईएसआयच्या कारभारात कामगार प्रतिनिधींना कायद्याने जागा आहे. तिचा उपयोग याच कामासाठी करा.

पाचवी गोष्ट, नव्या रुग्णाला जुना रुग्ण भेटवा. पोटावरची पिशवी कशी सांभाळावी, स्वरयंत्र गेल्यावर पुन्हा बोलायला कसे शिकावे, हे त्यातून गेलेला माणूस जितके सांगतो तितके कोणी सांगू शकत नाही. मात्र औषध बदलणे, बंद करणे किंवा झाडपाला सुचवणे हे त्याचे काम नव्हे, ही मर्यादा पहिल्याच दिवशी स्पष्ट असावी.

सहावी गोष्ट, सूचनेचे काय झाले ते रुग्णाला कळवा. मान्य झाली तर काय बदलले ते सांगा, नाही झाली तर का नाही ते सांगा. एखाद्याला बोलावले, त्याचे दुःख ऐकले, हार घातला, फोटो काढला आणि विसरलो, तर तो त्याचा अपमान आहे. बैठकीला येणाऱ्या रुग्णाचा प्रवासखर्च शाखेने द्यावा आणि तेवढ्या वेळेची ड्यूटी भरून मिळावी यासाठी प्रशासनाशी बोलावे. फुकटात वेळ मागायचा आणि त्याला सहभाग म्हणायचे, हे कामगार संघटनेला शोभत नाही.

काही शंका

डॉक्टर म्हणतील, रुग्णाला वैद्यक काय समजते? कोणते औषध द्यावे हे तो सांगणार नाही, आणि सांगूही नये. औषध घ्यायला तो वेळेवर का पोहोचू शकला नाही, हे तो सांगेल. कित्येक डॉक्टर आणि नर्स स्वतःच या व्यवस्थेला वैतागलेले आहेत. एकेका बाह्यरुग्ण विभागात त्यांच्यापुढे न संपणारी रांग असते. रुग्ण गटाने त्यांना शत्रू समजू नये. नर्सच्या रिक्त जागा भरा, ही मागणी रुग्णाच्या तोंडून आली तर तिचे वजन वाढते.

आपल्यातले काही म्हणतील, आजारी माणसाला त्रास कशाला, त्याला विश्रांती घेऊ द्या. ज्याला विश्रांती हवी त्याने ती जरूर घ्यावी. पण विचारण्याआधीच त्याच्या वतीने नकार देऊ नका. आम्हाला भेटलेल्या साथींपैकी एकाने, जो दोन वर्षांपूर्वी उपचार संपवून वर्कशॉपमध्ये परतला, सांगितले: "सगळे मला जपतात, पण कामाचे कोणी विचारत नाही. मला काहीतरी येते, हेच लोक विसरलेत." साथींनो, माणसाची नोकरी, पगार आणि प्रकृती वाचवण्यासाठी आपण लढतो. त्याची पत वाचवणे हेही आपलेच काम आहे.

आणि एक गोष्ट स्पष्ट करतो. रुग्णाला भागीदार करणे म्हणजे सरकारने आपली जबाबदारी रुग्णाच्या खांद्यावर टाकणे नव्हे. हॉस्पिटले, यंत्रे, डॉक्टर आणि स्वस्त औषधे ही मागणी कायम आहे. २०१९ मध्ये सरकारने कॅन्सरच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा घातली, तशी मर्यादा आणखी औषधांवर यावी यासाठी आपण झगडत राहू. रुग्णाचा सहभाग ही त्या मागणीची धार आहे. भिंतीवरच्या मागणीपेक्षा टेबलाशी बसलेला माणूस टाळणे प्रशासनाला कठीण जाते.

शेवटी एक विनंती. हे शिबिर संपल्यावर प्रत्येक शाखा सचिवाने आपल्या गावी जाऊन एका, फक्त एका, अशा सभासदाच्या घरी जावे. सोबत फळे नेली तरी चालतील, पण वही जरूर न्यावी. त्याला विचारावे, "ही व्यवस्था सुधारायची तर सुरुवात कोठून करू?" आणि मग गप्प बसून लिहून घ्यावे. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत त्या वहीतील पहिली ओळ हा पहिला विषय असावा, एवढा ठराव आपण आज येथे एकमताने करावा, अशी सूचना मांडून आम्ही आमचे भाषण संपवतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!